उत्तर नको, उकल सांगा

आपल्या वाचनालयातील इंग्रजी वर्तमानपत्राचे क्रिप्टिक शब्दकोडे दुपारच्या जेवणाआधीच अर्धेअधिक भरलेले असते. भरणारे बहुतेक अकरावी-बारावीचे. एखादा आठवीतला कॅडेट धीर करून विचारतो, "सर, हे उत्तर कसं आलं?" त्याला ऐकायला मिळते, "अक्षरं बसतायत ना? मग झालं!" माझे स्पष्ट मत आहे की ही मदत नव्हे. उत्तर सांगितल्याने चौकट भरते, विचारणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

आपल्यापैकी बरेच जण तालुक्याच्या गावांतून, मराठी माध्यमातून इथे आलो. घरी येणाऱ्या मराठी वर्तमानपत्रातले कोडे आपण आईबरोबर सोडवत असू. त्यात 'कमळ' दिले की 'पंकज' लिहायचे, एवढाच मामला. क्रिप्टिक कोड्यात हा हिशेब चालत नाही आणि का चालत नाही, हे कोणी सांगत नाही. मग तो मुलगा दोन आठवड्यांत मनाशी ठरवून टाकतो की आपले इंग्रजी कच्चे आहे, हा खेळ आपला नव्हे. हा गैरसमज कोड्यापुरता राहत नाही. वादविवाद स्पर्धेत नाव देताना आणि वर्गात हात वर करतानाही तो आडवा येतो. म्हणून हा विषय मला क्षुल्लक वाटत नाही.

खरे तर या खेळात शब्दसंग्रहाहून वाचण्याची शिस्त मोठी. सूचक वाक्याचे दोन भाग असतात. एका भागात उत्तराचा सरळ अर्थ असतो, आणि तो वाक्याच्या सुरुवातीला किंवा शेवटी येतो. उरलेला भाग म्हणजे उत्तर घडवण्याची कृती. वाक्य वरवर जे चित्र उभे करते, ते फसवे असते. मराठीतच काही नमुने करून पाहू. कंसातला आकडा अक्षरांचा.

'गरीब, नदी उलटल्यामुळे (2)'. डोळ्यांसमोर महापूर येतो. पूर विसरा. 'उलटल्यामुळे' हा हुकूम आहे आणि तो 'नदी' या शब्दाला दिलेला आहे. अक्षरे उलट वाचा, 'दीन'. दीन म्हणजे गरीब.

'जुना गणवेश, आत साप (2)'. इथे 'आत' हा हुकूम. 'जुना गणवेश' ही अक्षरे सलग वाचा. 'जुना'तला 'ना' आणि 'गणवेश'मधला 'ग' शेजारी येतात, की 'नाग' फणा काढतो.

'गुरुजींमागे दरवाजा, निघाला फौजेचा नायक (4)'. गुरुजी म्हणजे 'सर', त्यांच्यामागे 'दार'. झाला सरदार.

'सरकार वसूल करते तो हात (2)'. यात कृती नाही, दोन अर्थ शेजारी ठेवले आहेत. 'कर' म्हणजे सरकारी वसुली, आणि 'कर' म्हणजे हातही.

यांत अवघड शब्द एकही नाही. तरी कोणी उकलून दाखवले नाही, तर हुशार मुलगाही अडेल. इंग्रजीतही तेच. तिथे 'फ्लॉवर' म्हणजे दर वेळी फूल नसते. जी 'फ्लो' होते, वाहते, ती 'फ्लो-अर', म्हणजे नदी! 'गनर्स' आले की 'आर ए' ही अक्षरे घ्यायची, कारण ती रॉयल आर्टिलरीची. 'एंजिनिअर्स' आले की रॉयल एंजिनिअर्सची 'आर ई'. 'मेन' म्हणजे बऱ्याचदा 'ओ आर', अर्थात 'अदर रँक्स'. ही शेवटची अक्षरे तर आपल्याला घरच्यासारखी. ज्याचे वडील सुभेदार आहेत, त्याला 'ओ आर' कोणी शिकवायला नको. पण ती कोड्यात अशी वापरतात, हे एकदा तरी सांगायला हवे. हे संकेत अंदाजाने सापडत नाहीत, एकाने दुसऱ्याला द्यावे लागतात.

इंग्लंडमधील डी. एस. मॅकनट हे शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवत आणि 'झिमेनेस' या नावाने कोडी रचत. 1966 साली त्यांनी या कलेवर पुस्तक लिहिले. चांगल्या सूचक वाक्यात नेमका अर्थ असावा, उत्तराकडे नेणारी प्रामाणिक कृती असावी आणि त्यापलीकडे फापटपसारा नसावा, असा त्यांचा आग्रह होता. माझ्या मते हीच कसोटी समजावून सांगणाऱ्यालाही लावावी. अर्थ कुठे आहे, हुकूम कोणता आणि तो कोणत्या अक्षरांना दिला आहे, या तीन गोष्टी सांगता आल्या तर उकल झाली. सांगता आल्या नाहीत, तर सिनिअरचेही कोडे सुटलेले नाही. त्याने फक्त रिकामी घरे भरली आहेत.

दुसऱ्या महायुद्धातली एक गोष्ट आपल्याकडे आवडीने सांगतात. 1942 च्या जानेवारीत 'डेली टेलिग्राफ'ने 12 मिनिटांत कोडे सोडवण्याची स्पर्धा घेतली आणि काही स्पर्धकांना पुढे ब्लेचली पार्कच्या गुप्त कामावर बोलावले गेले. ही गोष्ट ऐकून आपण वेगाचे कौतुक करतो. पण ब्लेचली पार्कचे काम वेगावर थांबत नव्हते. शत्रूच्या संदेशात अमुक शब्द, उदाहरणार्थ हवामानाचा उल्लेख, असणारच असा अंदाज तिथे बांधत, आणि मग तो यंत्रावर घासूनपुसून तपासत. जुळला नाही, तर कितीही आवडता अंदाज सोडून द्यावा लागे. कोड्यातही अंदाज जरूर करावा. पण उकल हा त्याचा पुरावा आहे, आणि पुराव्याशिवाय पेनने लिहू नये.

काही सिनिअर म्हणतील, "आम्हाला कोणी शिकवलं होतं? झगडल्याशिवाय येत नाही." झगडावे हे मलाही मान्य आहे. पण नकाशावाचन शिकवताना आपले प्रशिक्षक चिन्हे आणि दिशा आधी समजावतात, मगच एकट्याला रानात सोडतात. नकाशाच वाचता येत नसलेल्याला सोडून देणे याला प्रशिक्षण म्हणत नाहीत. शिवाय उकल सांगायची म्हणजे सगळेच एका दमात ओतायचे असे नाही. आजच्या कोड्यात विचारणाऱ्याला आधी फक्त अर्थाच्या भागावर बोट ठेवून दाखवावे. तरी अडला, तर हुकूम कोणता ते सांगावे. शेवटची पायरी त्याची त्यालाच चढू द्यावी. कालच्या, सुटलेल्या कोड्याची मात्र पूर्ण उकल सांगावी, काहीही न लपवता.

त्यासाठी एक साधी सूचना. प्रत्येक हाउसच्या सूचनाफलकावर रविवारी एक सोडवलेले कोडे लावावे, आणि त्याशेजारी निदान पाच सूचक वाक्यांची उकल, प्रत्येकी दोन ओळींत. लिहिणारा सिनिअर असावा. ज्युनिअरने वाचून "मला कळलं नाही" म्हटले, तर सिनिअरने ती पुन्हा लिहावी. यात कोणाचा मान कमी होत नाही.

छोट्या दोस्तांसाठी एक वाक्य इथे सोडतो. प्रकार वरच्या चारांपेक्षा वेगळा आहे, पण हुकूम शोधलात की वाट सापडेल: 'सदर विस्कटून मिळाले फौजेचे अन्नधान्य (3)'. मराठी पानाच्या पेटीत चिठ्ठी टाका. नुसते उत्तर लिहिलेत तर चालणार नाही. ते कसे आले, तेही लिहा.