नमुने आमचे, संशोधक कोण?

आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या वैद्यकीय संशोधनात पात्रतेच्या दोन याद्या असतात. एक संशोधकाची: एमडी किंवा पीएचडी, मान्यताप्राप्त संस्थेतलं पद, छापलेले शोधनिबंध. दुसरी, ज्यांच्यावर संशोधन होतं त्यांची: वय, आजार, वस्ती. दुसऱ्या यादीत आपण सहज बसतो. पहिल्या यादीत आपण किती, हे कुणी विचारत नाही.

२००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात 'पाथ' या अमेरिकी संस्थेच्या प्रकल्पातून मुलींना एचपीव्ही लस दिली गेली. पैसा गेट्स फाउंडेशनचा, सहकार्य आयसीएमआरचं. त्यात वसतिगृहांतल्या आदिवासी मुली होत्या. अनेकींच्या संमतीपत्रावर पालकांऐवजी वॉर्डनची सही होती. २०१३ मध्ये संसदीय समितीने यावर कडक ताशेरे ओढले. लस वाईट होती असं आमचं म्हणणं नाही. पण त्या मुलींच्या वतीने प्रश्न विचारणारं त्या टेबलावर कोण होतं?

अट गुणवत्तेची आहे, जातीची नाही, असं सांगितलं जाईल. मग पद कसं मिळतं ते पाहा. २००७ मध्ये थोरात समितीने एम्समधला जातिभेद नोंदवला. जुलै २०१३ मध्ये त्याच एम्सच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सुपर-स्पेशालिटी अध्यापकांच्या पदांना आरक्षण नाकारलं. आधी पदाचं दार अरुंद करायचं आणि मग निधीसाठी पदाची अट घालायची, याला गुणवत्ता म्हणायचं का?

छोट्या संस्थांची गत याहून वाईट. २०२० च्या नियमांनुसार एफसीआरए नोंदणीसाठी मागच्या तीन वर्षांत १५ लाख रुपये कामावर खर्च झालेले दाखवावे लागतात. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने एका संस्थेला मिळालेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदी घातली. म्हणजे पुण्या-मुंबईच्या संस्थेने मनावर घेतलं तरी परतूर-मंठ्याच्या संस्थेला त्यातून वाटा देता येत नाही. दारोदार फिरून माहिती गोळा करायची आपण, बजेटमध्ये नाव दुसऱ्याचं.

जालन्यात २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. स्टीलच्या भट्ट्यांवरचे कामगार, ऊसतोडीला जाणाऱ्या बाया: संशोधनाचे विषय दारातच आहेत. उद्या परदेशी प्रकल्पही येतील. अशा प्रकल्पांना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. आमची मागणी तिथेच आहे: ज्या जिल्ह्यातून रक्ताचे नमुने घ्याल, तिथली संस्था भागीदार हवी आणि एससी-एसटी सह-संशोधक हवा. नसेल तर मंजुरी नको.

तोवर गप्प बसायचं नाही. सर्वेक्षणाला कुणी आलं तर संमतीपत्र मराठीत मागा, वाचा, मगच सही करा. एथिक्स कमिटीत समाजशास्त्राच्या अभ्यासकाची आणि सामान्य नागरिकाची जागा असते. त्या जागा कुणाकडे आहेत ते विचारा आणि आपली नावं पाठवा.

१९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात जातीवर निबंध वाचला गेला. तो वाचणारे बाबासाहेब होते. ते तिथे अभ्यासाचा विषय म्हणून गेले नव्हते, अभ्यासक म्हणून गेले होते. आपल्यालाही तीच जागा हवी आहे.

जय भीम!