वहीला शून्य, कोशाला अठरा?

‘पुस्तकांवर जीएसटी नाही, मग कोश एवढे महाग का?’ असा सवाल या आठवड्यात शिरूरमधील एका कार्यक्रमात पाहुण्यांनी केला आणि टाळ्याही घेतल्या. पुस्तकावर शून्य टक्के हे खरे. पण ते ज्या कागदावर छापायचे त्यावरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून १८ टक्के झाला, त्याचे काय? विक्रीवर कर नाही म्हणून कागदावर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. लाखाच्या कागदामागे १८ हजार रुपये प्रकाशकाच्या खिशातून जातात आणि अखेर वाचकाच्याच माथी बसतात. याला करमुक्त म्हणायचे?

कहर म्हणजे वह्यांच्या कागदावर त्याच दिवसापासून शून्य! वहीला माफी मिळाली ते चांगलेच झाले. पण कागद कोरा राहिला तर माफ आणि त्यावर ज्ञान छापले की १८ टक्के, हा कुठला न्याय?

कादंबरी दोनशे पानांत आटोपते, कोशाचे तसे नसते. महादेवशास्त्री जोशींच्या भारतीय संस्कृतिकोशाचे १० खंड निघायला १९६२ ते १९७९ एवढा काळ लागला. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनी १९३२ ते १९४६ या काळात तीन चरित्रकोश काढले. केतकरांनी ज्ञानकोशासाठी कंपनी काढून भाग (शेअर) विकले. विश्वकोशामागे सरकार आहे. पण जोशी, चित्राव, केतकर या मंडळींना लोकांच्या भरवशावर उभे राहावे लागले. आज एखादा छोटा प्रकाशक वनस्पतींचा किंवा आपल्या तालुक्यातल्या गावनावांचा कोश काढू म्हणाला, तर एक ओळ छापण्याआधीच त्याच्याकडून १८ टक्के वसूल!

मागणी एकच : पुस्तकांच्या कागदालाही वहीप्रमाणे शून्य टक्के लावा. शिरूरच्या खासदारांनी हा प्रश्न लोकसभेत विचारावा.

जाता जाता वाचनालयांनाही विचारतो : घेतलेले कोश कुलूपबंद का? ‘संदर्भासाठी’ असा शिक्का मारायचा आणि कपाटाची किल्ली मागितली की ‘साहेब रजेवर आहेत’! मग कोश कोणी वाचतच नाही, नवे घ्यायचे कशाला, असा ठराव करायला हेच मोकळे.

– वाचनालयाचा एक सभासद, शिरूर (जि. पुणे)