बोलायची भीती आणि इंग्रजीची भीती

टोस्टमास्टर्स क्लब हे प्रकरण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला वीस-पंचवीस लोक जमतात आणि आळीपाळीने भाषणं करतात. तयारी करून केलेलं भाषण साधारण ५ ते ७ मिनिटांचं. मग 'टेबल टॉपिक्स', म्हणजे विषय आयत्या वेळी हातात पडणार आणि त्यावर १ ते २ मिनिटं बोलायचं. शेवटी मूल्यमापन. प्रत्येक भाषणावर एक सभासद उभा राहतो आणि काय जमलं, काय सुधारता येईल ते २-३ मिनिटांत सांगतो. वेळ मोजणारा हिरवं, पिवळं, लाल कार्ड दाखवतो. आणि एक जण फक्त तुमचे 'अं', 'आ', 'यू नो' मोजत बसतो. त्याला चक्क 'आह काउंटर' असं पद आहे!

पुण्यातल्या आयटी कंपन्यांत हे क्लब सर्रास दिसतात. कोल्हापुरातही आमच्यासारखी काही मंडळी रविवारी सकाळी मिसळ सोडून तिथं जाऊन बसतात. (मिसळ मीटिंगनंतर होते, काळजी नसावी.) मी दोन वर्षं जातोय आणि मला फायदा झालाय, क्लायंट कॉलवर तर नक्कीच. त्यामुळे हे काही क्लबच्या विरोधात लिहिलेलं नाही. पण एक गोष्ट मला सारखी खटकते. तिथं आपण दोन वेगवेगळ्या भीती एकाच वेळी घालवायला जातो: चारचौघांत बोलायची आणि इंग्रजीची. त्यात होतं असं, की ज्यांना क्लबची सगळ्यात जास्त गरज आहे तेच पहिल्या फटक्यात गळतात.

गेल्या पावसाळ्यातली मीटिंग सांगतो. पहिलं भाषण आमच्यातल्याच एका आयटीवाल्याचं, विषय वेळेचं नियोजन. इंग्रजी गुळगुळीत, हातवारे जागच्या जागी, वेळ बरोबर साडेसहा मिनिटं. टाळ्या. तासाभरानं त्यातलं एक वाक्य विचारलं असतं तर कुणालाही सांगता आलं नसतं. (मलाही नाही.)

दुसरं भाषण शिरोली एमआयडीसीत छोटी फौंड्री चालवणाऱ्या काकांचं. वय पन्नाशीच्या आसपास. पहिलंच भाषण, त्याला 'आइसब्रेकर' म्हणतात: स्वतःची ओळख, ४ ते ६ मिनिटं. काका इंग्रजीत सुरू झाले. नाव, गाव, शिक्षण, आणि मग गाडी अडकली. पुढचा शब्द आठवेना. कपाळावर घाम. हिरवं कार्ड दिसायच्या आतच 'थँक्यू' म्हणून खाली बसले. मूल्यमापन करणारा भला माणूस होता, त्यानं धीर दिला. पण आह काउंटरनं नियमाप्रमाणे आकडा वाचून दाखवला, आणि तो मोठा होता.

गंमत पुढेच आहे. चहाच्या वेळी कुणीतरी पुराचा विषय काढला आणि हेच काका बोलायला लागले. ऑगस्ट २०१९ चा महापूर. धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेलेली. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली. निम्मे कामगार पलीकडे अडकलेले, लाइट गेलेली, फर्नेसमधे वितळलेलं मेटल तसंच. ते थिजलं की फर्नेस कामातून गेली. त्या रात्री कुणी काय केलं, ते काका सांगत होते. आठ-दहा मिनिटं सहज गेली असतील. कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. हातातले चहा गार झाले. 'अं' एकही नाही!

म्हणजे काकांना बोलता येत नाही असं नाहीच. क्लबनं त्यांची बोलण्याची परीक्षा म्हणून घेतली ती प्रत्यक्षात इंग्रजीची होती. त्यानंतर काका परत आलेले नाहीत.

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. दोन बग एकमेकांत अडकले असतील तर दोन्हीला एकदम हात घालायचा नाही. एक गोष्ट स्थिर ठेवायची, दुसरी बदलून बघायची. नाहीतर नक्की काय बिघडलंय तेच कळत नाही. काका घरी गेले ते 'मला भाषण जमत नाही' असं समजून. हे निदानच चुकीचं आहे.

उलट उदाहरणही आमच्याच क्लबात आहे. एक तरुण वकील मुलगी येते. तिचं इंग्रजी काकांपेक्षा फार भारी आहे असं नाही. पण टेबल टॉपिक्समधे तिला 'सर्किट बेंचमुळे काय बदललं?' असा विषय आला आणि तिनं दोन मिनिटं छान खेचली. (मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मधे कोल्हापुरात सुरू झालं, त्यामुळे विषय अगदी घरचा.) शब्द अडला तर ती थांबायची, दुसरा शोधायची, पुढे जायची. नंतर विचारलं तर म्हणाली, "तालुका कोर्टात तीन वर्षं मराठीत उभी राहिलेय. उभं राहायचं भ्या तिथंच गेलं. आता फक्त भाषा बदलायची आहे." माझा सगळा मुद्दा तिनं तीन वाक्यांत संपवला.

राल्फ स्मेडली यांनी २२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावी, वायएमसीएच्या तळघरात टोस्टमास्टर्सची पहिली सभा घेतली. क्लब होता तो लोकांना बोलण्याचा, सभा चालवण्याचा सराव मिळावा म्हणून, इंग्रजी शिकवायला नव्हे. मीटिंग इंग्रजीत झाली कारण ती तिथली रोजची भाषा होती, एवढंच. क्लब इंग्रजीतच चालवा असा संस्थेचा नियमही नाही. त्यांच्या 'पाथवेज' या अभ्यासक्रमाचं साहित्य तमिळमधे निघालं. इंग्रजीची सक्ती आपण आपल्यावर लादून घेतलीय.

आणि तीही कोल्हापुरात! मार्च १९२० मधे हातकणंगले तालुक्यातल्या माणगावच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष म्हणून बोलले, शाहू महाराज समोर होते. बाबासाहेब तेव्हा २८ वर्षांचे, म्हणजे माझ्याच वयाचे, आणि कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले. भाषण मराठीत केलं, कारण समोरच्या माणसांपर्यंत पोचायचं होतं. बिंदू चौकातल्या सभांबद्दल तर कोल्हापूरकरांना मी काय सांगणार?

आता यावरचे आक्षेप. पहिला: "पगार इंग्रजीवर मिळतो भावा." मान्य. माझाही मिळतो. इंग्रजी सोडा असं मी म्हणतच नाहीये. उलट इंग्रजी लवकर यावी म्हणूनच आधी उभं राहायला शिकूया असं म्हणतोय.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: मराठीत ठेवलं तर लोक शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत शिरतील. 'सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग' पासून सुरुवात, पाठ केलेली वाक्यं, प्रत्येक वाक्याला वरची पट्टी. हे होणार. पण त्यावरचा इलाज क्लबकडेच आहे की. आपल्याकडे वक्त्याला टाळ्या मिळतात, हार मिळतो, फक्त 'तुमचं भाषण दहा मिनिटं लांबलं' असं तोंडावर कुणी सांगत नाही. लाल कार्ड आपल्या सभांना कधी माहीतच नव्हतं. ते मराठी भाषणाला दाखवलं तर भलंच होईल. आणि आह काउंटर बेकार बसेल असं समजू नका. 'म्हणजे', 'आपलं ते', 'काय म्हणतात त्याला' मोजता मोजता त्याची वही भरेल :-)

म्हणून मी क्लबच्या कमिटीपुढे दोन गोष्टी ठेवल्यात. महिन्यातली एक मीटिंग मराठीत. आणि नवीन सभासदानं आइसब्रेकर हव्या त्या भाषेत करावं, मूल्यमापनही त्याच भाषेत. मग पुढच्या मीटिंगला तेच भाषण इंग्रजीत. माणूस तोच, गोष्ट तीच, बदलली फक्त भाषा. कुठं अडतंय ते त्याला स्वतःलाच कळेल.

कमिटीत दोघांनी नाकं मुरडली, 'स्टँडर्ड खाली जाईल' म्हणाले. शेवटी तीन महिने करून बघायचं ठरलंय. स्टँडर्ड म्हणजे काय, हे मराठीतल्या पहिल्या मीटिंगचा टेबल टॉपिक म्हणून मी आत्ताच सुचवून ठेवलंय.