मेंढरं तिची, कागद त्याचा

कागल तालुक्यातल्या यमगे गावच्या बिरदेव डोणे यांची बातमी तुम्ही वाचली असेलच. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाचा निकाल लागला, त्यात ते ५५१ वे आले, आणि निकाल कळला तेव्हा ते मेंढरं राखत होते. पुढे काही दिवस मेंढपाळांच्या कष्टांबद्दल खूप लिहिलं-बोललं गेलं. उन्हातान्हातली पायपीट, उघड्यावरचा संसार, पोरांच्या शाळेची आबाळ. सगळं खरंच आहे ते. पण त्या लिखाणातला मेंढपाळ बहुतेक वेळा पुरुषच होता. तो काठी घेऊन कळपामागे निघून गेला की मागे वाड्यावर काय चालतं, ते सांगायला फारसं कुणी थांबलं नाही.

योगायोग बघा, संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे एकच वर्ष दोन नावांनी जाहीर केलं. कुरणं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष, आणि त्याच वेळी शेतकरी महिलांचंही. आता या दोन्ही नावांत बसणारी बाई कोण? माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत या आपल्या दुष्काळी पट्ट्यात दोन-तीन एकर कोरडवाहू रान आणि चाळीस-पन्नास मेंढ्या सांभाळणारी धनगराची बाई! तिला मात्र या दोन्ही वर्षांचा पत्ता असण्याचं काही कारण नाही.

तिचा दिवस उजाडायच्या आधी सुरू होतो. वाघरीत, म्हणजे दोरीच्या जाळीच्या कुंपणात रात्रभर बसलेली मेंढरं उठायच्या आत चूल पेटलेली असते. मग कोकरं आयांना पाजायची. हे म्हणायला सोपं, पण पन्नास मेंढ्यांत कुठलं कोकरू कुठलीचं, हे तिला अंधारातही ओळखता यावं लागतं. एखादी पहिलटकरीण कोकराला जवळ घेत नाही, तिला धरून ठेवावं लागतं. अशक्त कोकराच्या तोंडात सड द्यावा लागतो. कळप चरायला गेला की कोकरं मागेच राहतात, डालग्याखाली किंवा छोट्या वाघरीत. त्यांना पाला आणून टाकणं, आजारी मेंढीच्या खुराला औषध लावणं, लेंड्या झाडून गोळा करणं, पाणी आणणं, आणि हे सगळं करता करता स्वयंपाक व स्वतःची पोरं. बिऱ्हाड हलायचं असेल तर सामान बांधून घोड्यावर लादण्याचं कामही बहुधा तिचंच. दिवाळीच्या सुमारास कितीतरी कुटुंबं कोकणाकडे नाहीतर बागायती मुलखाकडे उतरतात. तिथे शेतकरी आपल्या रानात खतासाठी मेंढ्या बसवून घेतात आणि त्याबदल्यात धान्य किंवा रोख देतात. तो सौदा पुरुष ठरवतात.

आणि कुत्री? परदेशी सिनेमांत आपण बॉर्डर कोली जातीची चपळ कुत्री पाहतो. ती शिट्टीसरशी धावतात आणि नुसत्या नजरेच्या धाकानं मेंढ्या वळवतात. आपल्याकडच्या धनगरी कुत्र्याचं काम वेगळं. वळवायचं काम माणूस करतो, कुत्र्यानं राखायचं. पिल्लू अगदी लहान असल्यापासून कोकरांतच वाढवायचं. तिथेच खायचं, तिथेच झोपायचं. मोठं झाल्यावर ते कळपालाच आपलं कुटुंब समजतं आणि रात्री लांडग्याची चाहूल लागली की त्याच्यावर धावून जातं. लांडगा बहुतेकदा मान धरतो, म्हणून कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालायची जुनी रीत आहे.

या पिल्लाला कोकरांत वाढवतं कोण? कोकरं जिच्याकडे असतात तीच. माणसांच्या भाकरी झाल्या की कुत्र्यांच्या भाकरी थापायच्या, ताकात किंवा कालवणात कुस्करून घालायच्या. दोन-तीन मोठी कुत्री म्हणजे परातीत पिठाची चांगलीच भर. बाजरीचा भाव वाढला की त्याची झळ पहिल्यांदा तिला लागते. राखणीचा हा खर्च मात्र कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

२०२५ मध्ये भटक्या कुत्र्यांवरून देशभर वाद झाला. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्टमध्ये दिल्ली परिसरातली कुत्री उचलण्याचा आदेश दिला, मग त्याच महिन्यात तो बदलला. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकं यांच्या आवारातून कुत्री हटवायला सांगितलं. प्राणीप्रेमी एका बाजूला, चावा घेतलेल्यांचे नातेवाईक दुसऱ्या बाजूला. या भांडणात कामाचं कुत्रं कुणाच्याच डोळ्यांसमोर नव्हतं. ते पाळीव आहे, पण त्याच्या नावाचा परवाना नसतो आणि ते साखळीलाही बांधलेलं नसतं. वाडा एखाद्या शहराच्या कडेला उतरला की लोकांच्या लेखी ते भटकंच! त्यामुळे रेबीजची लस वर्षाच्या वर्षाला टोचून घ्यायची आणि तिची नोंद जपून ठेवायची, हे आता जिवासाठी जितकं, तितकंच कागदासाठीही गरजेचं झालं आहे.

जिवाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण ती थेट बायका-मुलांशी संबंधित आहे. मेलेल्या किंवा कापलेल्या मेंढीच्या काळजात, फुफ्फुसात कधीकधी पाण्याच्या गाठी असतात. ते अवयव कच्चेच कुत्र्यापुढे टाकले की त्यातून बारीक कृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतात आणि त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. तीच अंडी कुत्र्याच्या केसांवरून आपल्या हाताला, हातावरून भाकरीत. मग माणसाच्या यकृतात किंवा फुफ्फुसात वर्षानुवर्षं गाठ वाढत राहते आणि बऱ्याचदा प्रकरण शस्त्रक्रियेवर जातं. डॉक्टर याला हायडॅटिड म्हणतात. उपाय अगदी साधे आहेत. गाठीचे अवयव खोल पुरायचे, कुत्र्याला पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं नियमित जंताचं औषध द्यायचं आणि पिठाला हात लावण्याआधी साबणानं हात धुवायचे. पण ही माहिती पशुवैद्यक कुणाला सांगतात? जो दवाखान्यात येतो त्याला. भाकरी थापणारी तर वाड्यावर असते.

लांडग्याचंही तसंच. वन्यजीव कायद्यानं लांडगा पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारणं गुन्हा आहे, आणि ते योग्यही आहे. वन खातं भरपाई देतं. मात्र ठरलेल्या मुदतीत कळवायला हवं, मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही, पंचनामा व्हायला हवा. अडचण अशी की लांडगा कोकरू उचलून घेऊनच जातो. मग पंचनामा कशाचा करायचा? दिवसा वाड्यावरून कोकरू गेलं तर ते एकट्या बाईच्या डोळ्यांदेखत गेलेलं असतं आणि तिच्या सांगण्यापलीकडे पुरावा नसतो.

आता जरा चांगल्या गोष्टीकडे येऊ. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं ‘नारी सुवर्णा’ ही जुळी देणारी मेंढी तयार केली. आपली दख्खनी मेंढी साधारणपणे एका वेळी एकच कोकरू देते. पश्चिम बंगालच्या सुंदरबनातल्या गरोल या लहानखुऱ्या मेंढीत जुळ्यांचं जनुक आहे. ते संकरातून दख्खनी मेंढीत आणलं. जास्तीचं एक कोकरू तीन-चार महिन्यांनी विकलं की हातात थेट पैसे, आणि लोकरीला आज कातरणीची मजुरी सुटेल इतकाही भाव मिळणं मुश्कील असताना मेंढपाळ जगतो तो कोकरांच्या विक्रीवरच. म्हणजे संशोधन मोलाचं आहे यात शंका नाही. पण एका आईचं दूध दोघांना पुरेलच असं नसतं. दुसऱ्याला बाटली लावा, दुसऱ्या मेंढीला पाजायला लावा, आईला खुराक द्या, थंडीत दोन्ही कोकरं उबेला ठेवा. जुळ्यातलं दुसरं कोकरू जगलं की नाही यावरच सगळा नफा ठरतो आणि ते जगवणं तिच्या हातात असतं. माझ्या मते जुळ्या मेंढीचं प्रशिक्षण आधी बाईला द्यायला हवं, बापई माणसाला नंतर.

सरकारी योजनांचं काय? राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक नर असा गट ७५ टक्के अनुदानावर मिळतो. योजना चांगलीच आहे. महामंडळाला अहिल्यादेवींचं नाव आहे, जिल्ह्यालाही आता त्यांचंच नाव आहे, २०२५ मध्ये त्यांची तीनशेवी जयंती गावोगाव थाटात झाली. तरी अर्ज भरताना घरातल्या बाईचं नाव पहिल्यांदा सुचतं अशी घरं किती? ज्या मैत्रिणी बचत गटात आहेत, त्यांनी हे एकदा मोजून पाहावं. गाय-म्हैस निदान दारात बांधलेली असते, दुधाचे पैसे डेअरीतून बाईच्या खात्यात येऊ शकतात. कोकरू मात्र बाजारात विकलं जातं, आणि बाजाराला जातो तो पुरुष.

२०१९ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या गणनेत पहिल्यांदाच भटक्या पशुपालकांच्या जनावरांची वेगळी नोंद घ्यायचं ठरलं, आणि जनावरांचं काम मुख्यतः बाई करते की पुरुष, हेही विचारायचं ठरलं. दोन्ही रकाने महत्त्वाचे आहेत, पण ते भरले जातात उत्तर देणाऱ्याच्या तोंडून.

रोजच्या व्यवहारात याहूनही जवळचा कागद म्हणजे कानातला बिल्ला. लसीकरणाच्या वेळी जनावराला बारा आकडी क्रमांक दिला जातो आणि त्यापुढे मालकाचं नाव व मोबाइल नंबर चढतो. विमा असो की अनुदान, जनावर कुणाचं हे दाखवायला ती नोंद उपयोगी पडते. पथक सकाळी येतं, कळप सुटायच्या आधी. मेंढी धरून बसलेली असते ती, कुठली गाभण आहे आणि कुठलीला टोचू नका हेही तीच सांगते. नाव कुणाचं लिहू असं त्या वेळी विचारलं, तर तिनं स्वतःचं सांगायला काहीच हरकत नाही. नंबर मात्र तिच्या स्वतःच्या फोनचा हवा, आणि तो फोन अजून कितीतरी घरांत एकच असतो, नवऱ्याच्या खिशात.