वजनदारांची सवलत

मोटारगाडी किती तेल पिते हा प्रश्न आपण सामान्यतः तिच्या मालकाचा खाजगी प्रश्न मानतो. ज्याला हत्ती पोसावयाचा आहे त्याने तो पोसावा, आपण एस.टी.ने जाणारी माणसे, आपल्याला काय त्याचे, अशी आपल्या चळवळीतील पुष्कळांची वृत्ती असते. परंतु अतिशय मोठ्या आकाराच्या एसयूव्ही गाड्यांचे माहेरघर जी अमेरिका, तेथील गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला तर या गाड्यांची तहान इंजिनाच्या कारखान्यात जेवढी ठरली त्याहून अधिक ती कायद्यातील व्याख्यांत आणि करसवलतींच्या कलमांत ठरली, असे दिसून येते. ज्या सवलतींवर या गाड्या पोसल्या गेल्या त्या मुळात शेतकऱ्यासाठी व लहान कारागिरासाठी दिलेल्या होत्या, हा या कथेतील आपल्याला सर्वांत परिचित भाग आहे.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी अमेरिकेवर तेलबंदी लादली आणि काही महिन्यांतच खनिज तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. त्या धक्क्यातून डिसेंबर १९७५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ऊर्जा धोरणाचा कायदा केला. प्रत्येक मोटार कंपनीने वर्षभरात विकलेल्या सर्व गाड्यांची मिळून इंधनाची जी सरासरी येईल ती ठरलेल्या मर्यादेच्या खाली जाता कामा नये, असे त्यात बंधन होते. प्रवासी मोटारींसाठी १९७८ मध्ये गॅलनला १८ मैल आणि १९८५ पर्यंत साडेसत्तावीस मैल, म्हणजे आपल्या हिशेबाने लिटरला साडेसातवरून साडेअकरा किलोमीटरांच्या पुढे, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले. मात्र ‘हलके ट्रक’ हा वर्ग वेगळा काढून त्याच्यासाठी सौम्य मर्यादा ठेवली गेली. त्या वेळी यात गैर काही नव्हते. पिकअप गाडी तेव्हा गवताच्या पेंढ्या, सुताराची हत्यारे, नळकाम करणाऱ्याचे पाइप वाहत होती. कष्टाच्या अवजारावर श्रीमंतांच्या चैनीचा नियम लावू नये, ही भूमिका आपणही घेतली असती.

खोच होती ती ट्रकच्या व्याख्येत. गाडीला चारही चाकांवर जोर असेल, किंवा भारासह तिचे कमाल वजन सहा हजार पौंडांच्या, म्हणजे सुमारे २७०० किलोंच्या वर असेल, आणि पोट जमिनीपासून पुरेसे उंच असेल, तर ती आडरानात चालणारी गाडी म्हणून ट्रक ठरे. आत चामड्याच्या गाद्या आहेत की खताची पोती, हे नियम विचारत नव्हता. कंपन्यांनी हिशेब केला. ट्रकचाच सांगाडा घ्यावयाचा, त्यावर बंगल्यासारखी खोली चढवावयाची, ट्रकच्या सवलतीत बसावयाचे आणि मोटारीच्या वरची किंमत घ्यावयाची. १९९६ ते २००४ अशी सलग नऊ वर्षे ट्रकांची मर्यादा गॅलनला २०.७ मैलांवर गोठून राहिली. त्यातील बरीच वर्षे ती वाढविण्याचा विचारही करू नये, अशी अट काँग्रेस दरसाल अर्थसंकल्पी विधेयकाला जोडून मंजूर करीत होती. परिणाम असा की, १९७५ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पाच गाड्यांपैकी चार साध्या मोटारी असत; २०२३ मध्ये चारांत एक उरली. अपवाद म्हणून ठेवलेली खिडकी हाच घराचा मुख्य दरवाजा झाला.

व्याख्येचा कळस पाहावयाचा असेल तर फोर्ड कंपनीची २००० सालची एक्सकर्शन गाडी पाहावी. लांबी पावणेसहा मीटर, वजन तीन टनांच्या वर, दहा सिलिंडरांचे इंजिन मिळण्याची सोय, आणि १६० लिटरांहून मोठी टाकी. ही गाडी लिटरला किती किलोमीटर जाते, हे सांगणारी सरकारी चिठ्ठी तिच्या काचेवर नव्हती. कारण साडेआठ हजार पौंडांच्या वरच्या वजनाला मर्यादाही लागू नव्हती आणि चिठ्ठीही. थोडे पिणाऱ्याचा हिशेब चव्हाट्यावर आणि अट्टल पिणाऱ्याची वहीच नाही! हा दोष दूर होण्यास २०११ सालचे गाड्यांचे नमुने यावे लागले.

करांचेही तेच. तेल उधळणाऱ्या मोटारींवर १९७८ च्या कायद्याने खास कर बसला, तो एसयूव्ही गाड्यांना लागला नाही. उलट धंद्याची अवजारे घेणाऱ्यास मिळणारी आयकर-सवलत २००३ मध्ये एक लाख डॉलरपर्यंत वाढविली गेली तेव्हा सहा हजार पौंडांवरची गाडी तीत बसली. ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याच्या रांगेत वकील, दंतवैद्य आणि जमिनींचे दलालही येऊन उभे राहिले. आरडाओरड झाल्यावर दुसऱ्या वर्षी त्या कलमाखालची एसयूव्हीची सवलत पंचवीस हजारांवर आणण्यात आली.

आता इंजिनाकडे वळू. तंत्रज्ञ रिकामे बसलेले नव्हते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. शेव्हरोले टाहो ही अडीच टनांच्या आसपासची गाडी घ्या. तिच्या ५.३ लिटरच्या आठ सिलिंडरी पेट्रोल इंजिनात भार कमी असताना काही सिलिंडर आपोआप बंद राहण्याची योजना आहे; तरीही २०२१ च्या नमुन्याची सरकारी सरासरी लिटरला सुमारे साडेसात किलोमीटर होती. त्याच गाडीत तीन लिटरचे सहा सिलिंडरी डिझेल इंजिन घेतले तर ती दहाच्या वर जाते. डिझेलच्या लिटरात पेट्रोलपेक्षा दहाबारा टक्के ऊर्जा अधिक असते, तेवढी सूट वजा केली तरी फरक राहतोच. फोर्डने एक्सपेडिशन गाडीतील आठ सिलिंडर २०१५ च्या नमुन्यात काढून टाकले आणि दोन टर्बोचार्जर लावलेली सहा सिलिंडरे दिली. टोयोटाच्या सिकोया गाडीला २०२३ पासून सहा सिलिंडरांसोबत विजेची मोटर आली व ती नऊच्या पुढे गेली. टर्बोची एक मेख मात्र जाणत्या ड्रायव्हरला ठाऊक असते. मोकळ्या रस्त्यावर हलक्या पायाने हाकले तर ते इंजिन लहान राहते. मागे जड ट्रेलर जोडला की तेच मोठ्या इंजिनासारखे पिऊ लागते.

मग हे सारे कौशल्य गेले कोठे? अर्थशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर निटेल यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे उत्तर आहे. अमेरिकी गाड्यांचे वजन व अश्वशक्ती १९८० च्या पातळीवर ठेवली असती, तर २००६ पर्यंत त्यांची इंधनाची सरासरी जवळजवळ साठ टक्क्यांनी सुधारली असती. प्रत्यक्षात ती पंधरा टक्क्यांच्या आसपास सुधारली. बाकीची सुधारणा वजनाने व वेगाच्या हौसेने खाल्ली. गिरणीत नवा माग आल्यावर उत्पादकता वाढते आणि वाढीव नफा एकाच्याच खिशात जातो, हे पाहिलेल्या वाचकास यात नवल वाटणार नाही.

येथे आपल्या काही मित्रांचा आक्षेप येईल की, राक्षसी गाडीचे इंजिन सुधारून काय मिळवायचे, ती गाडीच नको. भावना समजण्यासारखी आहे, पण अंकगणित वेगळे बोलते. वर्षाला वीस हजार किलोमीटर चालणारी गाडी लिटरला सहाऐवजी आठ किलोमीटर जाऊ लागली, तर ८३३ लिटर वाचतात. सोळा किलोमीटर जाणारी छोटी गाडी चोवीसवर नेली, तर ४१७ लिटर. पहिली सुधारणा दिसावयास दोनच किलोमीटरांची आहे, आणि बचत दुप्पट आहे. ‘ॲव्हरेज किती देते’ या आपल्या नित्याच्या प्रश्नात ही गोष्ट लपून जाते. शंभर किलोमीटरला किती लिटर लागतात असे विचारले की ती उघडी पडते. म्हणून सर्वांत जड गाडीवरच नियम सर्वांत कडक हवा. अमेरिकेने नेमके उलट केले.

कामगारांचा प्रश्न यात गुंतलेला आहे आणि तो टाळून चालणार नाही. २०२३ च्या शरद ऋतूत अमेरिकेतील मोटार कामगारांच्या युनियनने तिन्ही बड्या कंपन्यांविरुद्ध सहा आठवडे लढा दिला. वर्मी घाव घालण्यासाठी त्यांनी ऑक्टोबरात जे कारखाने बंद पाडले त्यांत एक्सपेडिशन जेथे होते तो केंटकीतील कारखाना होता, तेथे ८,७०० कामगार होते. आणि टाहो जेथे होते तो टेक्ससमधील आर्लिंग्टनचा, तेथे ५,०००. कंपन्यांचा सर्वांत जाड नफा कोठे आहे हे कामगारांना बरोबर ठाऊक होते. पण याच कारणाने हीच युनियन पूर्वी अनेक वर्षे इंधनाची मर्यादा वाढविण्याच्या विरोधात मालकांच्या शेजारी उभी राहिली होती. आपल्या पोटाची भाकर ज्या गाडीवर अवलंबून आहे ती लहान करा, असे कोण म्हणेल? तेव्हा त्याला दोष देण्यात अर्थ नाही. काय बनवावयाचे हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती नाही, त्याच्याकडून आपल्या रोजीविरुद्ध मत मागणे हा अन्याय आहे.

२००७ च्या कायद्याने मर्यादा वाढली खरी, पण तिची मोजणी चाकांमधील क्षेत्रफळावर बांधली गेली; गाडी जितकी रुंद व लांब तितकी तिची परीक्षा सोपी. आणि जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने मर्यादा मोडल्याबद्दलचा दंडच शून्य डॉलर करून टाकला. कायदा पुस्तकात राहिला, फक्त त्याचे दात काढले.

हे सारे आपण येथे कशाला सांगत बसलो आहोत? कारण हाच प्रयोग आपल्या घरी झालेला आहे. डिझेल स्वस्त ठेवले गेले ते शेतकऱ्याच्या पंपासाठी, एस.टी.साठी, मालवाहतुकीसाठी. पेट्रोलचा भाव जून २०१० मध्ये खुला झाला, डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्ये. मधल्या चार वर्षांत दोहोंतील अंतर वाढले आणि डिझेलवरच्या बड्या गाड्यांना बरकत आली. त्या काळात सरकारसाठी झालेल्या पाहणीत शेतीचा डिझेलमधील वाटा तेरा टक्क्यांच्या आसपास निघाला, आणि खाजगी मोटारी व युटिलिटी गाड्यांचाही जवळजवळ तेवढाच. सरकारी तिजोरीतून शेतकऱ्याच्या नावाने निघालेल्या पैशांत फार्महाऊसवाल्याचा बरोबरीचा हिस्सा होता. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात दोन हजार सी.सी.च्या वरील डिझेल गाड्यांची नोंदणी थांबविली, तेव्हा महिन्याभरातच १.९९ लिटरचे इंजिन बाजारात आले. गाडी तीच, वजन तेच, इंजिन रेषेच्या आत. व्याख्येची रेषा जेथे आखाल तेथे तिच्या कडेला कारखाना उभा राहतो. पुढे ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का हरित अधिभारावर ती बंदीही उठली.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे आपल्या देशाची इंधनमर्यादा वजनावर बांधलेली आहे. २०२२-२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात ११४५ किलो सरासरी वजनाच्या ताफ्याला शंभर किलोमीटरमागे पावणेपाच लिटरांच्या आसपास मर्यादा ठरली, आणि त्यापुढे दर शंभर किलो वाढीव सरासरी वजनामागे पाव लिटराहून थोडी कमी अशी जादा सूट दिली गेली. म्हणजे पोलाद कमी वापरून तेल वाचविणाऱ्या अभियंत्याला त्या बचतीचे पुरते श्रेय मिळत नाही. वजन उतरविले की परीक्षाही कठीण होते. अमेरिकेने निदान क्षेत्रफळ तरी मोजले. आपण सरळ तराजू ठेवला, तोही व्यापाऱ्याच्या बाजूने झुकलेला. खनिज तेलाच्या गरजेपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक तेल आयात करणाऱ्या देशाने हे करावे!

तिसरा टप्पा एप्रिल २०२७ पासून आणण्याच्या दृष्टीने केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने मसुदे काढले, आणि लहान गाड्यांना सवलत द्यावी की नाही यावर कंपन्यांकंपन्यांत जुंपली. त्या भांडणात आपण कोणाचा वकील होण्याचे कारण नाही. चाकण व नाशिक येथील मोटार कारखान्यांत आपले कार्यकर्ते आहेत, आणि या नियमांचा परिणाम त्यांच्या पाळ्यांवर व कंत्राटी भरतीवर व्हावयाचा आहे. त्यांच्या युनियनांनी दोन गोष्टी लेखी मागाव्यात. वाढीव वजनाची सूट टप्प्याटप्प्याने कमी करून शून्यावर आणावी. आणि नमुना बदलल्यामुळे ज्यांचे काम जाईल, त्या कायम व कंत्राटी अशा दोन्ही कामगारांना नव्या इंजिनाच्या वा विजेच्या मोटरीच्या खात्यात जुन्या पगारावर घेण्याची हमी कंपनीकडून त्याच करारात लिहून घ्यावी.