दुधाच्या डब्याचा व्यापार आणि डॉ. सिसिली विल्यम्स

१९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबापुढे ब्रिटिश वसाहतींच्या वैद्यकीय सेवेतील एका महिला डॉक्टरने भाषण केले. शीर्षक होते ‘दूध आणि खून’. क्लबाचे अध्यक्ष नेस्ले कंपनीचेच बडे अधिकारी होते! आटवलेल्या गोड दुधाची भलामण करण्यासाठी कंपन्या परिचारिकेच्या वेषातील मुली घरोघर धाडीत होत्या. या दिशाभुलीपायी होणारे बालमृत्यू हे खूनच समजले पाहिजेत, असे डॉ. सिसिली विल्यम्स यांनी त्या प्रतिष्ठितांना तोंडावर सुनावले.

हा क्षणिक संताप नव्हता. जमैकात जन्मलेल्या, ऑक्सफर्डला वैद्यक शिकलेल्या विल्यम्स १९२९ मध्ये गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानाला, गेल्या. तेथे एक ते चार वर्षांची मुले अंगावर सूज, सोललेली कातडी, तांबूस केस अशा अवस्थेत येत आणि दगावत. विल्यम्स यांनी स्थानिक बायांनाच विचारले. गा भाषेत त्या रोगाला नाव होते ‘क्वाशिओरकोर’, म्हणजे पाठचे भावंड आले की आधीच्या मुलाला होणारा आजार. आईचे दूध तुटते आणि वाट्याला येते ती निव्वळ मक्याची पेज. १९३३ आणि १९३५ साली त्यांनी हे वैद्यकीय नियतकालिकांत मांडले, तेव्हा हा पेलाग्राच होय असे म्हणून तज्ज्ञांनी ते उडवून लावले. (केवळ प्रथिनांच्या अभावाने या रोगाचा पूर्ण उलगडा होत नाही, असे आजचे संशोधन सांगते, हे खरे.) परंतु ज्यांना अडाणी म्हणून हिणवले जाई, त्या बायांनी रोगाच्या नावातच त्याचे मूळ सांगून ठेवले होते; विद्वान मात्र कातडीवरील चट्ट्यांपाशीच अडले होते.

१९३६ मध्ये मलायात बदली झाल्यावर विल्यम्स यांना दिसले की, तेथे तर तान्ह्या बाळांचेच दूध तोडून त्यांना डब्याची सवय लावली जात होती. पुढे जपानी कैदेत साडेतीन वर्षे काढून त्या बाहेर पडल्या आणि १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या माता-बालक विभागाच्या पहिल्या प्रमुख झाल्या.

डब्याच्या व्यापाराला लगाम घालण्यास मात्र १९८१ साल उजाडावे लागले. जागतिक आरोग्य सभेत आचारसंहितेच्या बाजूने ११८ मते पडली. विरोधात एकच, अमेरिकेचे. भारताने १९९२ मध्ये कायदा करून बाळदुधाची जाहिरात आणि मोफत नमुने यांवर बंदी घातली व २००३ मध्ये तो अधिक कडक केला. तरीही २०२४ साली ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेने दाखवून दिले की, नेस्ले भारतात विकत असलेल्या बालआहारात साखर मिसळलेली असते, स्वित्झर्लंडमधल्या तिच्या अशा मालात ती नसते. कातडीचा रंग पाहून मापे बदलण्याची वसाहतवादी रीत ती हीच.

पण केवळ कंपन्यांना दोष देऊन भागणार नाही. बाळाला अंगावर पाजा, असा उपदेश वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीवर राबणाऱ्या, लोकांची धुणीभांडी करणाऱ्या बाईला करणे सोपे आहे. २०१७ च्या दुरुस्तीने दिलेली २६ आठवड्यांची पगारी रजा तिच्यापर्यंत पोहोचलेली नाही. त्याच वर्षी सुरू झालेल्या मातृवंदना योजनेने पहिल्या अपत्यासाठी देऊ केले अवघे ५,००० रुपये. एवढ्यावर तिने किती दिवस काम सोडून घरी बसावे? पगारी रजा आणि कामाच्या जागी पाळणाघर या मागण्या असंघटित कामगारांच्या प्रत्येक मागणीपत्रात वेतनवाढीच्या शेजारीच लिहिल्या गेल्या पाहिजेत.