बेडूक तो बेडूकच?

परवा नातवाने मोबाईलवर एक फोटो दाखवला. भंडारदऱ्याला गेला होता, तिथल्या ओढ्याकाठी काढलेला. पाठ विटकरी तांबडी, कुशी काळ्या आणि त्यांवर फिकट ठिपके. "आजोबा, हा कुठला?" मी सवयीने म्हणालो, "बेडूक!" तो हसला. मला मात्र चाळीस वर्षांपूर्वीचा वर्ग आठवला.

मी मराठीचा मास्तर. पण अकोले तालुक्यातल्या आमच्या छोट्या शाळेत विज्ञानाचा तासही माझ्याच गळ्यात पडायचा. एकदा बेडकाचा धडा चालू असताना डोंगरातल्या वाडीवरून येणारा एक मुलगा उभा राहिला. "गुरुजी, आमच्या वढ्याला तीन तऱ्हेचे असतात," म्हणाला, आणि तिघांची नावंही त्याने सांगितली. मी म्हणालो, "बेडूक तो बेडूक. खाली बस." वर्ग हसला. त्यानंतर तो माझ्या तासाला कधी आपणहून बोलला नाही.

नातवाने त्या फोटोतल्या बेडकाची कुंडली काढून दिली. 1838 मध्ये त्शुडी नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने अशा तांबड्या पाठीच्या बेडकाला 'मलबारी' म्हटलं. मग केरळपासून आपल्या महाराष्ट्रापर्यंत असा दिसणारा प्रत्येक जण मलबारीच ठरला. आधी त्याचं घराणं 'राना', नंतर आग्नेय आशियातल्या ओढ्यांवरच्या बेडकांबरोबर 'हायलाराना', आणि आता 'हायड्रोफायलॅक्स', म्हणजे ग्रीक भाषेत पाण्याचा राखणदार. 2015 साली पुण्याच्या गरवारे महाविद्यालयातले आनंद पाध्ये, आयसरचे नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजमापं घेतली, जनुकं ताडून पाहिली. डोकं रुंद, जनुकांत सुमारे 4 टक्के फरक. ही जात वेगळीच निघाली! आणि नाव काय ठेवलं? 'बहुविस्तार'. दूरवर पसरलेला, म्हणून. मराठीच्या मास्तरला फोड करून सांगावी लागली नाही.

आमचे एक स्नेही म्हणाले, "नाव बदलून बेडकाला काय फरक पडतो?" बेडकाला नसेल पडत, पण आपल्याला पडतो. दोन जाती एकाच नावाखाली मोजल्या की वाटतं, भरपूर आहेत. त्यातली एक निमूट संपली तरी पत्ता लागत नाही. दुसरं असं की, 2017 मध्ये केरळचं राजीव गांधी जैवतंत्रज्ञान केंद्र आणि अमेरिकेतलं एमरी विद्यापीठ यांच्या संशोधकांना याच बहुविस्ताराच्या त्वचेतल्या स्रावात एक पदार्थ सापडला. फ्लूच्या एच-वन गटातले विषाणू तो प्रयोगशाळेत नष्ट करतो. केरळच्या उरुमी तलवारीवरून त्याला 'उरुमिन' म्हणतात. औषध व्हायला अजून बरीच मजल आहे. पण बेडकाचं नाव चुकलं असतं तर पुढचा संशोधक भलत्याच बेडकाच्या मागे लागून रिकाम्या हाताने परतला असता.

मला तर वाटतं, त्या शास्त्रज्ञांनी केलं तेच काम माझा तो विद्यार्थी करत होता. नीट पाहायचं, फरक ओळखायचा, वेगळ्याला वेगळं नाव द्यायचं. त्याच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, पण रोजचा ओढा होता. नकाशावर प्राण्यांच्या जागा भरल्या जातात त्या असं कुणीतरी आपल्या दारचं पाणी निरखतं म्हणून. आणि मी गुरुजी असून ती तीन नावं लिहूनसुद्धा घेतली नाहीत. आज कितीही आठवलं तरी एक आठवत नाही.

म्हणून आग्रहाने सांगतो, गावाकडे म्हातारी माणसं असतील तर त्यांना बेडकांची, माशांची, गवतांची नावं विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. ती माणसं गेली की नावंही गेली.

असो. पाऊस सुरू झाला की अकोल्याकडे जायचा बेत आहे. तो मुलगाही आता पन्नाशी ओलांडलेला असेल. भेटला तर वही उघडून म्हणणार आहे, "आता तू सांग, मी लिहून घेतो."